शालनचा आराखडा : हरकती व सूचना

“म्हण.”

“मला तिकडं जायचंय.”

“तिकडं नाही. पूर्ण म्हण. मला संस्थेत राहायला जायचंय.”

“मला संस्थेत राहायला जायचंय,” शालन म्हणाली आणि तिने तळहात पुढे केला. मी त्यावर बेसनाचा अर्धा लाडू ठेवला.

“अर्धाच?”

“उरलेला रविवारी. सगळ्यांसमोर असंच म्हणालीस की.”

तिने लाडू तोंडात टाकला आणि बोटं फ्रॉकला पुसावीत तशी साडीला पुसली. वय वर्षं त्रेचाळीस.

गुरुवारची दुपार. गाव बार्शी. घर आमचं, दोन खोल्यांचं. आई जाऊन चार महिने झाले होते. शालन माझी धाकटी बहीण. तिच्या जुन्या दाखल्यावर ‘मतिमंद, मध्यम’ असं लिहिलेलं होतं. नव्या कायद्यात शब्द बदलला होता, पण नवा दाखला काढायला कोणी गेलं नव्हतं. कोणी म्हणजे मी. तिला वाचता येत नाही. घड्याळातले फक्त चार कळतात, कारण चारला गल्लीतली पिठाची गिरणी दुपारची उघडते आणि ती तिथे जाऊन बसते.

‘बसते’ हा शब्द माझा. तो लक्षात असू द्या.

पुण्याजवळच्या एका चांगल्या संस्थेत एक जागा मोकळी झाली होती. बाग, डॉक्टर, वेळेवर जेवण. सोमवारी संध्याकाळपर्यंत कागद पोचले तर जागा शालनची, नाही तर यादीतल्या पुढच्या माणसाची. कागदांत एक सहा पानी प्रपत्र होतं, ‘व्यक्तिकेंद्रित जीवन आराखडा’. ज्या व्यक्तीचं आयुष्य, तिनेच बोलावलेल्या माणसांची बैठक घ्यायची, जिल्ह्याहून नेमलेल्या मार्गदर्शक बाईंनी ती चालवायची, आणि प्रत्येक पानावर त्या व्यक्तीची सही किंवा अंगठा घ्यायचा. रविवारी चार वाजता ही बैठक होती. सोमवारी सकाळच्या गाडीची दोन तिकिटं माझ्या पाकिटात होती.

प्रपत्र मी पुण्यातच भरून आणलं होतं.

विद्यमान वापर

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी नगररचना कार्यालयात आरेखक होतो. शहरांचे विकास आराखडे काढायचे. पद्धत ठरलेली. आधी सर्व्हे करून सध्या कुठे काय आहे ते दाखवायचं. त्याला विद्यमान वापर म्हणतात. मग प्रस्तावित वापर. मग प्रारूप प्रसिद्ध करायचं, लोकांच्या हरकती व सूचना मागवायच्या, सुनावणी घ्यायची. सुनावणीत प्रत्येकाचं शांतपणे ऐकायचं आणि म्हणायचं, “नोंद घेतली.” मग आराखडा मंजूर करायचा. जसा होता तसा.

सत्तावीस वर्षांत मी शेकडो हरकती ऐकल्या. त्यांच्यामुळे एकही रेघ हललेली मला आठवत नाही. माझ्या रेघा फार सरळ येत. अक्षरही नावाजलेलं होतं. होतं.

एकदा नकाशात मी एका जागेवर ‘मोकळी जागा’ लिहिलं आणि तिथे तीसेक घरं निघाली. साहेब म्हणाले, “शेटे, जागेवर गेला नव्हतात काय?” मी गेलो नव्हतो. जुन्या नकाशावरून उतरवलं होतं.

शालनचं प्रपत्र मी असंच भरलं. ‘दिनक्रम’ – घरी असते. ‘आवडी’ – गोड पदार्थ. ‘कौशल्ये’ – निरंक.

निमंत्रणं

‘आयुष्यातील महत्त्वाच्या व्यक्ती’ या रकान्यात मी स्वतः, माझी पत्नी शैलजा, मुलगा अनिकेत आणि पुण्यातले आमचे डॉक्टर अशी चार नावं घातली होती. प्रपत्र आधी पाहायला पाठवलं, तर मार्गदर्शक बनसोडे मॅडमचा फोन आला. आवाज अगदी कोवळा.

“सर, ही तुमची माणसं झाली. त्यांची कोण?”

“तिची वेगळी कोण असणार?”

“विचारा ना त्यांना. आणि निमंत्रण त्यांनीच द्यायचंय. चहा, खायला काहीतरी ठेवा. लोक मोकळे बोलतात.”

मी शालनला विचारलं, “रविवारी चारला आपल्याकडे बैठक आहे. तुला कुणाकुणाला बोलवायचंय?”

“सांगते मी,” ती म्हणाली.

मला वाटलं, मला सांगेल. चार वाजले, ती चप्पल घालून गिरणीत गेली.

शुक्रवार गेला. शनिवारी मी मांडववाल्याकडून सहा खुर्च्या आणल्या. शेजारच्या इंदुमामींना पोह्यांचं सांगितलं. इंदुमामी आमच्या नात्यातल्या नव्हेत. निवृत्त परिचारिका, एकट्या राहतात, आणि अख्खी गल्ली त्यांना मामी म्हणते. “किती माणसांचे करू?” त्यांनी विचारलं. “सहा-सात,” मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी काही लपवतोय आणि त्यांना सगळं ठाऊक आहे.

संध्याकाळी केस कापायला गेलो, तर न्हावी आरशातून म्हणाला, “दादा, फार गुपचूप जमवलं हं.”

“त्यात गुपचूप काय? उद्या कळेलच,” मी म्हणालो.

“तेच की. बरं झालं. आई असत्या तर बघितलं असतं.”

मी मान हलवली. वस्तरा मानेवर होता, म्हणून जपून हलवली.

प्रारूप प्रसिद्ध झाले

रविवारी पावणेचारला दारात पहिला नारळ आला.

तो रजाकभाईंच्या हातात होता. गिरणी त्यांची. एरवी भुवयांपर्यंत पीठ असलेला माणूस, आज पांढरा कडक सदरा, डोळ्यांत सुरमा, अंगाला अत्तर. त्यांच्यामागे इंगळे गुरुजी आणि इंगळेकाकू. मग नेवाळ्यांची सून, मुलीला घेऊन, हातात खण आणि ओटीचं सामान. मग आणखी माणसं. खुर्च्या संपल्या, सतरंजी घातली, ती संपली, लोक उंबऱ्यात बसले. मी मोजायचा प्रयत्न केला. तेविसापर्यंत आलो आणि सोडून दिलं.

“पाहुणे निघाले का पुण्याहून?” गुरुजींनी विचारलं.

“कुठले पाहुणे?”

“म्हणजे… मुलाकडचे.”

शालननं गिरणीत पीठ देता देता प्रत्येकाला एवढंच सांगितलं होतं, की रविवारी चार वाजता आमच्याकडे या, दादा आलाय, पोहे आहेत. पुण्याचा भाऊ आलेला, भाड्याच्या खुर्च्या, रविवारी चारची वेळ आणि पोहे. बार्शीत एवढ्यावरून जे समजायचं ते गल्ली समजली होती. शालनला बघायला येणार होते.

आत स्वयंपाकघरात इंदुमामी तिला तयार करत होत्या. स्वतःची मोरपंखी साडी नेसवली, गजरा माळला. मधल्या दाराला पडदाच होता, त्यामुळे त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. मी लक्ष दिलं नाही.

“हे बघ शालन, आज तुला विचारतील, पसंत आहे का. पसंत असेल तर हो म्हणायचं. नसेल तर?”

“नाही म्हणायचं.”

“हां. लाजायचं नाही. आमच्या वेळी नव्हतं बाई असलं. मला कुणी विचारलंच नाही. एकदम मंगळसूत्र.”

बनसोडे मॅडम चारला पाच मिनिटं असताना आल्या. पंचविशीतली मुलगी, पाठीला सॅक. दारातली चपलांची रास बघून त्या थबकल्या. “सर, तुम्ही तर म्हणाला होता त्यांचं कुणी नाही.”

मी उभा राहिलो आणि खुलासा केला. मुलगा वगैरे कोणी नाही. शालन आता कुठे राहणार ते ठरवायचंय. पुण्याजवळ चांगली संस्था आहे, उद्या सकाळी निघायचंय.

नेवाळ्यांच्या सुनेनं खण पदराखाली घेतला. गुरुजी म्हणाले, “मग या नारळांचं काय करायचं?”

“शालनताईंना द्या,” बनसोडे मॅडम म्हणाल्या. “कार्यक्रम त्यांचाच आहे.”

शालन पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिच्यासमोर अकरा नारळ जमले. ती इतकी खूश झाली, की तिने पोहे आधी नारळांपाशी ठेवले.

सुनावणी

मी प्रारूप वाचून दाखवलं. सावकाश, स्पष्ट उच्चार करत, कार्यालयात वाचतो तसं. कोणाला काही म्हणायचं असेल तर म्हणावं, मी सगळ्याची नोंद घेईन, असं सांगितलं. लोकांना हे आवडतं. बोलून झालं की त्यांचं समाधान होतं. मला सवय होती.

इंदुमामी म्हणाल्या, “रात्री ती माझ्याकडे झोपते. आई गेल्यापासून. तिथं कुणाकडे झोपणार?”

“नोंद घेतली.”

इंगळेकाकू म्हणाल्या, “आणि तिथं ओळखीचं कोण?”

“नोंद घेतली.”

रजाकभाई उठून उभे राहिले. बोलायची सवय नसलेला माणूस. सदऱ्याचं बटण चाचपत राहिले. “साहेब, मला एवढंच विचारायचंय की उद्यापासून डबे कोण ओळखणार?”

“डबे?”

“दळणाचे. चाळीस-पन्नास डबे असतात रोजचे. निम्म्यांवर नाव नाही, आहे ते पुसलेलं. माझी नजर गेली आता. शालनबेटी सांगते कुणाचा कुठला.”

“रजाकभाई, चिठ्ठ्या चिकटवा. बाकी सगळ्या गिरण्या काय करतात?”

“चिठ्ठी नाव सांगेल. जाड की बारीक कोण सांगणार?”

बनसोडे मॅडम शालनकडे वळल्या. “शालनताई, गुरुजींचा डबा कुठला?”

शालन पोहे खात होती. घास गिळून झाल्यावर तिने सांगितलं. गुरुजींचा डबा तेलाचा, एका अंगाला पोचलेला, कडीला लाल दोरी. ज्वारी, जाडसर, कारण गुरुजींना भाकरी थापलेली लागते आणि काकूंचा हात दुखतो, त्यामुळे बारीक पीठ त्यांना थापवत नाही. इंदुमामींचा गहू, पण दगडातून पहिलं येतं ते पीठ मामींना द्यायचं नाही, त्यात आधीच्याचं असतं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी भाजणी आधी, मग बाकीचं.

“आणि हिचं?” तिने बोट नेवाळ्यांच्या मुलीकडे केलं. “हिला गहू चालत नाही. पोट दुखतं. हिचं सगळ्यात आधी. दगड पुसून.”

नेवाळ्यांची सून म्हणाली, “दादा, डॉक्टर म्हणाले होते, गिरणीतलं पीठ बंद करा. दोन वर्षं झाली, हिच्या हातचं नेते मी. एकदाही त्रास नाही.”

मॅडमनी माझं प्रपत्र उलटलं. “इथे ‘कौशल्ये – निरंक’ लिहिलंय.”

तेवीस माणसं माझ्याकडे बघू लागली.

“प्रारूप आहे ते,” मी म्हणालो.

मग मॅडम रजाकभाईंकडे वळल्या. मला जरा बरं वाटलं. “रजाकभाई, एवढं काम करतात तर त्यांना पगार काय देता?”

रजाकभाई हसले. “पगार कसला मॅडम, ती घरचीच आहे.”

“घरचा मुलगा गिरणीवर असता तर?”

रजाकभाईंचं हसू विरलं. अत्तराचा वास तेवढा राहिला. “हां,” ते म्हणाले. “ते… बघू. बघतो ना मी.”

“बघू नका. ठरवा. सहाव्या पानावर लिहायचंय,” मॅडम म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं.

(इथे मी पहिल्या खर्ड्यात मॅडमबद्दल एक परिच्छेद लिहिला होता, की ही कालची पोर मला माझ्याच घरात सुनावणी शिकवते वगैरे. तो काढून टाकला. त्या दिवशी मला तसंच वाटलं होतं, एवढं कळलं तरी पुरे.)

माझी तयारी

मी अस्वस्थ नव्हतो. सुनावणीत असं होतं. एखादी हरकत चांगली निघते, लोक माना डोलावतात. पण शेवटी आराखडा ज्याचा त्यानेच बोलायचं होतं, आणि त्याची मी तीन दिवस तयारी करून घेतली होती.

“मॅडम,” मी म्हणालो, “आपण तिलाच विचारू. शेवटी निर्णय तिचा. तेच तर तुमचं तत्त्व आहे.”

“बरोबर,” मॅडम म्हणाल्या. “शालनताई, तुम्हाला कुठे राहायचंय?”

“मला संस्थेत राहायला जायचंय,” शालन म्हणाली. एका दमात, न चुकता, ‘संस्थेत’वर जोर देऊन, जसं मी सांगितलं होतं तसं.

इंदुमामींनी डोळ्यांना पदर लावला. रजाकभाई खाली बसले. मी शाईचा पॅड उघडला. पुण्याहून नवा आणला होता.

शालननं माझ्यापुढे तळहात पसरला.

मी दुर्लक्ष केलं. तिने हात आणखी पुढे आणला. “दादा, लाडू.”

“नंतर.”

“सगळ्यांसमोर म्हणाले ना मी. उरलेला.”

उरलेला अर्धा लाडू कागदात गुंडाळून माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. तुपाचा डाग बाहेर आला होता; सगळ्यांना तो दिसत होता, आणि मला सोडून बहुधा सगळ्यांना आधीपासूनच दिसत होता. मी लाडू काढून तिच्या हातावर ठेवला. दुसरं काय करणार?

बनसोडे मॅडम रागावल्या नाहीत; त्या रागावल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. शालनचा लाडू संपेपर्यंत त्या थांबल्या. ती सावकाश खात होती. तेवीस माणसं एका बाईला लाडू खाताना बघत बसली होती.

“झाला?” मॅडमनी विचारलं. “आता मी तुम्हाला त्या जागेबद्दल सगळं सांगते, आणि मग परत विचारते. आता लाडू नाहीये. हो म्हणा, नाही म्हणा, काही मिळणार नाही. चालेल?”

“चालेल.”

त्यांनी सांगितलं. मान्य करतो, प्रामाणिकपणे सांगितलं. खिडकीजवळचा पलंग. बाग. सणाला गोडधोड. संध्याकाळी टीव्ही. आठला दिवे बंद. फाटकाला कुलूप, बाहेर जाताना सोबत कोणीतरी.

“गिरणी?” शालननं विचारलं.

“गिरणी नाही.”

“मामी?”

“मामी भेटायला येऊ शकतात. रोज नाही.”

शालन विचारात पडली. ती विचार करते तेव्हा खालचा ओठ दातांत धरते; आईही धरायची.

“तर शालनताई. हे तुम्हाला पसंत आहे का?”

प्रश्नाचे शब्द मॅडमनी मुद्दाम असे निवडले की सहज आले, मला माहीत नाही. आत पडद्यामागे काय शिकवणी झाली होती हे त्यांना ठाऊक असणं शक्यच नव्हतं. शालननं इंदुमामींकडे पाहिलं. इंदुमामी छताकडे बघत होत्या.

“नाही,” शालन म्हणाली.

“शालन,” मी म्हणालो, “आत्ता तूच म्हणालीस ना, जायचंय म्हणून?”

“ते पाठ होतं,” ती म्हणाली. “हे विचारलं.”

मंजुरी

मग मी बोललो. पुष्कळ बोललो. रात्री ताप आला तर कोण बघणार? गॅस चालू राहिला तर? मामी सत्तरीच्या, त्या गेल्यावर? रजाकभाईंची गिरणी बंद पडली तर? उद्या कोणी हिला फसवलं, तर जबाबदारी कोणाची? हे प्रश्न खोटे नव्हते. आजही नाहीत.

बनसोडे मॅडम शेवटपर्यंत मान हलवत ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, “तुमची हरकत नोंदवून घेते, सर.”

आणि त्यांनी खरोखरच ती लिहून घेतली, एकेक करून, आणि एकेक करून खोलीला विचारली. तापाला इंदुमामी. गॅस काढून विजेची शेगडी, ती गुरुजींचा पुतण्या बसवणार. मामींच्या नंतर कोण, या प्रश्नापुढे मॅडमनी ‘अद्याप ठरलेले नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बैठक’ असं लिहिलं. एवढी मोठी रिकामी जागा ठेवून आराखडा मंजूर होताना मी पहिल्यांदाच पाहिला. रजाकभाईंनी पगाराचा आकडा सांगितला; नेवाळ्यांच्या सुनेनं तो तिथल्या तिथे वाढवून घेतला.

‘व्यक्तीचा निर्णय, तिच्या स्वतःच्या शब्दांत’ या चौकटीत एकच शब्द होता. शालननं माझ्या नव्या पॅडवर अंगठा दाबून त्या शब्दाशेजारी उमटवला, आणि मग मजा वाटली म्हणून माझ्या पांढऱ्या सदऱ्यावरही, तुपाच्या डागाच्या बाजूला.

निघताना तिने मला एक नारळ दिला. “वहिनीला,” म्हणाली.

शुद्धिपत्र

सोमवारच्या गाडीत शेजारच्या मोकळ्या सीटवर नारळ ठेवून मी पुण्याला गेलो. दोन महिन्यांत सगळं कोसळेल अशी माझी खात्री होती. संस्थेच्या प्रतीक्षा यादीत मी शालनचं नाव पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी ताजं करत राहिलो. कोसळलं नाही. म्हणजे, एकदा शेगडीनं तिचा हात पोळला. एकदा कोणीतरी तिचा फोन लांबवला. रजाकभाई वारले, गिरणी त्यांच्या मुलीनं चालू ठेवली. मामी अजून आहेत. सहामाही बैठका होतात, मामींच्या नंतरचा रकाना अजून भरलेला नाही. मी दोन बैठकांना गेलो, मग नाही.

या गोष्टीला सात वर्षं झाली. शैलजा तीन वर्षांपूर्वी गेली. गेल्या आषाढात, निवृत्त होऊन सव्वा महिना झाला होता, तेव्हा सकाळी दाढी करताना माझा उजवा हात वस्तऱ्यासकट खाली आला आणि परत वर गेला नाही. जीभही जड झाली. हे सगळं डाव्या हातानं लिहितोय; तुटक वाक्यं, खोडाखोड दिसत असेल, तर त्याचं कारण एवढंच.

अनिकेत कॅनडात असतो. “पंधरा दिवस आत्याकडे राहा बाबा, तोवर मी बघतो,” म्हणाला. त्याने बघितलं. पुण्याजवळची एक चांगली संस्था. आता तिथे ज्येष्ठांसाठीही विभाग आहे. बाग, डॉक्टर, वेळेवर जेवण. फाटकाचं मी विचारलं नाही. प्रवेशासाठी सहा पानी प्रपत्र लागतं. अनिकेतनं ते तिकडूनच भरून पाठवलं. अक्षर छापील, पण घराणं ओळखू येतं. ‘कौशल्ये’ या रकान्यात काय आहे, ते सांगत नाही.

‘आयुष्यातील महत्त्वाच्या व्यक्ती’ तेवढा त्याने माझ्यासाठी मोकळा ठेवला होता. मी दुपारभर पेन घेऊन बसलो. शालनचं नाव लिहिलं. मग कार्यालयातल्या एकाचं लिहिलं आणि खोडलं, कारण त्याचं आडनाव आठवेना.

“झालं का?” शालननं विचारलं. चार वाजत आले होते, ती चप्पल शोधत होती.

“कुणाला बोलवायचं?”

“सांगते मी,” ती म्हणाली.

आज रविवार. सोळा माणसं आलीत. त्यातल्या निम्म्यांना माझं नाव माहीत नाही. ती मला ‘शालनचे दादा’ म्हणतात. इंदुमामींना आता उभं राहवत नाही, त्यांनी बसूनच पोहे केले. नेवाळ्यांची मुलगी कॉलेजात जाते. बनसोडे मॅडमना चष्मा लागलाय. त्यांनी प्रपत्र वाचलं, चष्मा वर केला आणि शालनला विचारलं, “शालनताई, दादांना काय काय येतं?”

“डब्यांवर नावं घालतो,” शालन म्हणाली.

खरं आहे. रोज दुपारी ती गिरणीतून तीन-चार डबे घेऊन येते आणि मी डाव्या हातानं, लाल रंगात, त्यांच्यावर नावं काढतो. वेडीवाकडी. तिला वाचता येत नाही आणि डबे तिला आधीच ठाऊक असतात. तरी आणते.

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या. “सर, तुम्हाला कुठे राहायचंय?”

काल फोनवर अनिकेतनं माझ्याकडून चार वेळा म्हणून घेतलं होतं. जीभ अडखळते म्हणून. फोन ठेवताना म्हणाला होता, “छान, बाबा. उद्या फक्त एवढंच म्हणा.”

“माझी,” मी म्हणालो, “संस्थेत राहायची… इच्छा आहे.”

खोलीत सोळा माणसं. शालन ट्रे घेऊन गुरुजींपुढे वाकलेली होती. तिने ट्रे गुरुजींच्या मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं, खालचा ओठ दातांत धरून.

“हे पाठ आहे,” ती म्हणाली. “मॅडम, परत विचारा.”